दोन, दोन, तीन

बुडापेस्टला पाच दिवस होतो. किल्ला, गरम पाण्याची कुंडं, डॅन्यूबवरची बोट, सगळं रीतसर झालं. लिहायला बसलेय ती मात्र माझ्या उजव्या पायामुळे.

तिसऱ्या रात्री तंतुवाद्यांच्या वृंदाची मैफल होती. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास, बस्स. नवरा पहिल्या दहा मिनिटांतच पेंगला. मी थांबले होते ती हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकच्या ‘रोमानियन लोकनृत्यां’साठी. ट्रान्सिल्व्हेनिया आणि आसपासच्या खेड्यांत ऐकलेल्या चालींवरून त्यानं 1915 मध्ये ही पियानोसाठी रचली. 1917 मध्ये छोट्या ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा लिहिली. नुसत्या तंतुवाद्यांसाठीचा अवतार आर्थर विलनर या दुसऱ्या संगीतकाराचा. तेव्हा ती खेडी हंगेरीत होती, महायुद्धानंतर रोमानियात गेली. सहा नाच, आणि सगळे मिळून जेमतेम सहा-सात मिनिटं!

पहिला काठीचा नाच. ही चाल बार्टोकला दोन रोमा (जिप्सी) व्हायोलिनवाल्यांकडून मिळाली. तिसऱ्याचं नावच ‘जागच्या जागी’; सूर थोड्याशा जागेत घुटमळत राहतो. इथवर माझा पाय शहाण्यासारखा होता. पाचव्याला, ‘पोआर्गा’ला, तो सुटला. दोन, दोन, तीन अशा मात्रा येतात त्यात. तिसऱ्या ठिकाणी एक मात्रा जास्त, आणि नेमका तिथेच माझा बूट लाकडी जमिनीवर एकटा वाजला.

शेजारच्या बाईंनी आधी माझ्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेला भाषा लागत नाही. सहावा नाच बारीक, भराभर पावलांचा, तो मी अंगठे आत मुडपून ऐकला. चिडचिड झाली. नाचाचं संगीत वाजवायचं, आणि ऐकणाऱ्यांनी मात्र दगड होऊन बसायचं! (चूक माझीच होती, ताल चुकला होता. तरीही.)

दुसऱ्या दिवशी टेकडीवर बार्टोकचं घर पाहिलं. 1932 ते 1940 तो तिथे राहिला. कोरीव नक्षीचं खेडवळ लाकडी सामान बघताना मला तो खेड्यापाड्यांत फोनोग्राफ वाहून नेताना दिसू लागला. मेणाच्या नळीवर गाणं कोरून घ्यायचं, मग पुन्हा पुन्हा ऐकून स्वर लिहायचे.

शेवटच्या रात्री तांत्सहाझला गेलो. शब्दशः नाचघर, शहरातल्या तरुणांनी 1972 पासून खेड्यांतले नाच शिकायला सुरू केलेला प्रकार. वादक तिघंच. एकाच्या हातात तीन तारांचा व्हिओला, त्याला कोंत्रा म्हणतात. त्याची घोडी सपाट असते, त्यामुळे गज तिन्ही तारांवर एकदम पडतो आणि चाल न वाजता ठेका वाजतो. आदल्या वृंदात वीसेक माणसं होती, पण हा घासणारा, जरा खरखरीत ठेका तिथे नव्हता. आणि नाच मिनिटात संपत नव्हता. संथ सुरू होऊन अर्धा तास चढतच गेला. मला हेच जास्त आवडलं, बार्टोकची माफी मागून.

इथे पायाला कुणी अडवत नव्हतं. पण पाय हलेना. गोल फिरणाऱ्या जोड्या बघत भिंतीला पाठ लावून बसले. मैफलीत झोपलेला माणूस एका आजीबाईंचा हात धरून गरगरत होता, घामानं निथळत.

पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, “अगं, बसलीस काय? ऊठ!”

मी म्हटलं, बूट चावतोय.