पितृपक्षात नवी गाणी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या नि वहिनीच्या नव्या गाण्यांच्या कार्यक्रमाची तारीख ठरल्यापासून इथं इंदुरात, रामबागेत जो भेटतो तो हेच विचारतोय, की अगं पितृपक्षात कोणी नवीन काही सुरू करतं का, नवरात्रात करा ना लॉन्च, आणि एवढा खटाटोप तरी कशाला, गाणी सरळ ऑनलाइन टाकून मोकळ्या व्हा.

थांबणार कसं? यातली अर्धी गाणी संजाची आहेत आणि संजा पितृपक्षातच येते. माळव्यात भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावस्येपर्यंत मुली भिंतीवर शेणानं संजा मांडतात, म्हणजे रोज एक वेगळी आकृती, बीजेला (द्वितीयेला) बिजोरा, सातमला (सप्तमीला) सातिया म्हणजे स्वस्तिक, शेवटी मोठा किल्लाकोट, त्यावर गुलतेवडीच्या फुलांच्या पाकळ्या नि चमकीचे कागद, मग आरती, गाणी, प्रसाद. घरातली मोठी माणसं श्राद्धाच्या गडबडीत आणि पोरी भिंतीपाशी गातायत, हे मी इंदुरात लहानपणापासून बघत आले, आमच्या मराठी घरातही संजा असायची आणि माळवी गाणी आम्हाला तोंडपाठ. त्यामुळे हे दिवस गाण्याचे नाहीत असं मला कधी वाटलंच नाही.

वहिनी पुण्याची, तिच्याकडे भोंडला, नवरात्रात पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्याबरोबर संजेला बसली, आणि झाकलेला प्रसाद ओळखायची वेळ आली तशी ओरडलीच, अगं ही तर आमची खिरापत! खरंच, इकडेही ओळखा पाहू, तिकडेही ओळखा पाहू, आणि दोन्हीकडे गाण्यात सासर-माहेर. तिथूनच आम्ही दोघी एकत्र गायला लागलो, ती गिटार, मी ढोलक. आताची गाणी आमची नवी आहेत, पण त्यांचा जीव या दोन खेळांत आहे.

आता ऑनलाइनचं. ही गाणी एकटीनं गायची नाहीतच, एक जण ओळ टाकते आणि बाकीच्या उचलतात. स्टुडिओत आपलाच आवाज चार वेळा घालून कोरस करता येतो, सुरात येतो, तालात येतो, पण त्यात शेजारणीकडे बघून अर्धा ठोका उशिरा ओळ धरणारी दहा वर्षांची पोरगी नसते, आणि शेवटच्या कडव्याला सगळ्याजणी मिळून जी लय वाढवतात ती स्टुडिओत कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर, क्लिक ट्रॅकवर, वाढत नाही. म्हणून रेकॉर्डिंग कार्यक्रमातच करतोय, अंगणात माइक लावून, समोरच्यांच्या आवाजासकट. मला तरी हेच खरं रेकॉर्डिंग वाटतं.

आता कॉलनीत शेण कुठून आणणार, भिंत कोण खराब करू देणार, बाजारातून कागदाची छापील संजा आणून चिकटवतात. चालेल, माझी काही तक्रार नाही, पण गाणी मात्र कागदाबरोबर येत नाहीत, ती कोणीतरी शेजारी बसून गायलीच पाहिजेत.

तर कार्यक्रम सर्वपित्रीच्या संध्याकाळीच, मुली संजाचं विसर्जन करून आल्या की. आधी संजाची गाणी, मग भोंडल्याची, आणि गाणी ऑनलाइन येतील मिक्सिंग झाल्यावर, नवरात्र संपायच्या आत. ज्यांना आजीकडून आलेलं एखादं संजाचं गाणं येतं त्यांनी थोडं लवकर या, पहिला माइक तुमच्याकडे.