आईच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह
आईकडे कन्व्हेक्शनवाला (गरम हवेने भाजणाराही) मायक्रोवेव्ह आला तेव्हा मी सगळ्यात आधी प्लग बघितला. जाड पिनांचा, १६ अँपिअरचा. "मिक्सरच्या पॉइंटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून भागवू," असं बाबांचं म्हणणं. मी ठाम नकार दिला. कन्व्हेक्शनवर हे यंत्र २००० वॅटच्या आसपास वीज ओढतं, तसली बारीक वायर तापून वितळायची. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगसह वेगळा पॉइंट काढून घेतला, मगच खोकं उघडलं.

आत बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक करडा तुकडा दिसतो. पॅकिंगचा समजून बरेच जण तो ओढून काढतात. कृपा करून काढू नका! लहरी जिथून आत येतात त्या तोंडावर तेलाचे शिंतोडे जाऊ नयेत म्हणून बसवलेला तो अभ्रकाचा पत्रा आहे.

स्टीलचे डबे आणि सोनेरी काठाचे कप बाजूला काढले. धातूवर ठिणग्या उडतात.

मला खरी काळजी पाण्याची. गुळगुळीत कपात नुसतं पाणी तापवलं की ते कधीकधी १०० अंशांच्या पुढे जातं, तरी बुडबुडा दिसत नाही. वरून साखर किंवा कॉफी पडली की एकदम उसळून हातावर येतं. म्हणून आईला बजावलंय, चहाचं आधण गॅसवरच ठेव. भात मात्र खुशाल गरम कर, पाण्याचा हबका मारून, झाकण तिरकं ठेवून. आणि उकडलेलं अंडं सोललेलं असलं तरी आत ठेवायचं नाही, वाफ कोंडून फुटतं.