नुसतं ‘लीड दे’ म्हणून भागत नाही

“लीड दे.” वाहनयुद्धाच्या गेममध्ये विमानविरोधी रणगाडा घेऊन उतरणाऱ्याला मिळणारा सल्ला एवढाच असतो, म्हणजे उडत्या विमानावर नको, त्याच्या पुढे नेम धर. मलाही हाच मिळाला. टीममधल्या अनोळखी लोकांनी दिला, ओळखीच्यांनी दिला, व्हिडिओवाल्यांनी दिला. पण लीड किती द्यायचा, कुठून मोजायचा, चुकला तर कुठल्या बाजूला चुकला हे कसं ओळखायचं, हे एकानेही सांगितलं नाही. त्यात माझे तीन आठवडे गेले. अजूनही कुणी चॅटमध्ये नव्या खेळाडूला नुसतं तेवढंच लिहून मोकळं झालं की माझं डोकं फिरतं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

सुरुवातीच्या गाड्या भराभर पार झाल्या. एम-१६ ही अमेरिकन हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे), तिच्या पाठीवर चार पॉइंट-फिफ्टी मशीनगन. त्या टप्प्यावर विमानंही हळू असतात, अंदाज थोडा चुकला तरी गोळ्यांच्या झोतात एखादं सापडतंच. मग विर्बेलविंड हातात आली आणि तिथे मी अडकले.

विर्बेलविंड म्हणजे वावटळ. १९४४ मध्ये जर्मनांनी दुरुस्तीला आलेल्या पँझर-४ रणगाड्यांचा बुरूज काढला आणि त्या जागी नऊ बाजूंचा, वरून उघडा बुरूज बसवून त्यात २० मिमीच्या चार फ्लाक-३८ तोफा ठेवल्या. तिचे सैनिक तिला बिस्किटाचा डबा म्हणायचे. गेममध्ये तिच्या डोक्यावरून कॅमेरा फिरवला की ते नाव का पडलं हे लगेच कळतं.

माझी अडचण अशी होती की ट्रेसर, म्हणजे चमकत जाणाऱ्या गोळ्या, विमानाला लागताना दिसायचे. चाटून जाताना नाही, चक्क लागताना. लाल ठिपक्यांची रांग विमानाच्या अंगावरून जायची, मी श्वास रोखून बसायचे आणि विमान आरामात बॉम्ब टाकून निघून जायचं. खाली आपला एखादा रणगाडा उडालेला असायचा आणि चॅटमध्ये माझ्या नावाने शंख सुरू व्हायचा. वर पुन्हा सल्ला तोच, लीड दे. अरे, देतेय की!

आधी मी पिंगला, म्हणजे इंटरनेटच्या उशिराला, दोष दिला. मग बेल्टला, म्हणजे गोळ्यांच्या पट्ट्याला. बेल्ट बदलले, माउसची सेन्सिटिव्हिटी कमी केली, परत वाढवली. टेस्ट ड्राइव्हमध्ये संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या. तिथली विमानं एकाच उंचीवर, एकाच वेगाने गोल फिरत राहतात. दहा मिनिटांत त्यांचा ताल सापडतो, ती पडायला लागतात आणि आपल्याला जमलं असं वाटतं. मॅचमध्ये परत शून्य. सरावाची सोय म्हणून गेमने दिलेली एकमेव गोष्ट माणसाला नको तेच शिकवते, याचा राग मला अजून आहे.

सुटका झाली ती रिप्लेमुळे. एका मॅचमध्ये एक पी-४७ (अमेरिकन लढाऊ विमान) माझ्यासमोरून आडवं गेलं होतं आणि या वेळी नक्की लागल्या याबद्दल माझी पैज लावायची तयारी होती. रिप्ले उघडला, वेग अगदी कमी केला आणि कॅमेरा माझ्या गाडीऐवजी त्या विमानाला चिकटवला. माझ्या गोळ्या आल्या, एकामागोमाग एक, आणि शेपटीच्या मागून निघून गेल्या. थोड्याथोडक्या नाही, शेपटी आणि गोळ्या यांच्यात आणखी दहाएक विमानं मावली असती. मग त्याच क्षणी कॅमेरा माझ्या गाडीवर आणला तर तेच ट्रेसर विमानाच्या अंगावर दिसत होते.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. तोफेच्या जागेवरून आपल्याला दिशा दिसते, अंतर दिसत नाही. ट्रेसर विमानाच्या अंगावर दिसतो तेव्हा तो बहुतेक वेळा अजून वाटेतच असतो, विमानाच्या अलीकडे. तो विमानाच्या अंतरावर पोहोचेपर्यंत विमान पुढे सरकलेलं असतं. म्हणजे डोळ्याला “लागली” वाटलेली गोळी प्रत्यक्षात शेपटीमागून जाणारी असते. आणि हे पाहून आपण काय करतो? नेम बरोबर आहे असं समजून तिथेच मारत राहतो. मी तीन आठवडे तेच करत होते. ओळखायची खूण एकच. ट्रेसर विमानाच्या आकारावरून गेला तर तो अजून आपल्या बाजूला आहे. विमानाने ट्रेसर झाकला, तर तो पलीकडे पोहोचला. मधल्या वाटेवर तो कुठे दिसला याला काही अर्थ नाही.

दादाला रिप्ले दाखवला. तो या गेममध्ये विमानंच उडवतो. म्हणाला, “कस्टम बॅटल लाव. मी तुझ्यासमोरून चकरा मारतो आणि तुझ्या गोळ्या कुठून जातात ते सांगतो.” त्या रात्री आम्ही दोन तास बसलो. त्याने पी-४७ घेतलं, वेग ताशी ५०० किमीवर धरला आणि माझ्यापासून ८०० मीटरवरून आडवा जायला लागला. हेडफोनमध्ये त्याचा आवाज:

“मागे.”

मी नेम पुढे नेला.

“मागे. खूप मागे.”

“अरे, आता तर मी विमानापासून केवढी पुढे मारतेय!”

“अगं, मी मान वळवून बघतोय ना. मागे.”

शेवटी मी कागद घेतला. ताशी ५०० किमी म्हणजे सेकंदाला १३९ मीटर. फ्लाक-३८ ची गोळी नळीतून निघताना सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगाने निघते, पण हवेत तिचा वेग पडत जातो, म्हणून ८०० मीटरला सव्वा सेकंद धरला. तेवढ्या वेळात दादाचं विमान १७० मीटरच्या वर सरकणार. विमानाची लांबी ११ मीटर. म्हणजे नाकासमोर पंधरा-सोळा विमानं एकाला एक लावून उभी करायची आणि त्या रांगेच्या टोकावर, जिथे नुसतं रिकामं आकाश आहे तिथे, गोळ्या सोडायच्या. मी देत होते तो लीड पाच-सहा विमानांचा.

पुढच्या चकरीला रिकाम्या आकाशावर नेम धरला. बोट दाबताना हे अगदी वेडेपणाचं वाटत होतं, इतकं ते विमानापासून लांब होतं. हेडफोनमध्ये क्षणभर काही नाही. मग दादा ओरडला, “पंख गेला!” माझ्या स्क्रीनवर विमान एका बाजूला कलंडलं आणि झाडांमागे गेलं. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

इथेच थांबले असते तर परत अडकले असते. कारण मग दादा ४०० मीटरवरून गेला, मी पंधरा विमानं पुढे मारलं, आणि तो म्हणाला, “आता फार पुढे.” परत कागद. ४०० मीटरला गोळीला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात विमान ७० मीटर जातं, म्हणजे सहाच विमानं. आधी वाटलं, आता दर अंतराला वेगळा आकडा पाठ करायचा की काय. मग लक्षात आलं की विमान जवळ आलं की ते स्क्रीनवरही तेवढंच मोठं दिसतं. ८०० मीटरवरची पंधरा-सोळा छोटी विमानं आणि ४०० मीटरवरची सहा मोठी विमानं स्क्रीनवर जवळजवळ सारखीच जागा घेतात. कोनात मोजलं तर एकीकडे १२ अंश, दुसरीकडे १०. म्हणजे स्क्रीनवरचं अंतर मुख्यतः विमानाच्या वेगावर ठरतं, ते किती लांब आहे यावर फारच कमी. जुन्या विमानविरोधी तोफांच्या साइटवर एकात एक वर्तुळं असायची, ती वेगवेगळ्या वेगांसाठी असायची, हे त्या रात्री मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजलं.

दादाच्या वेगाला लागणारं स्क्रीनवरचं ते अंतर मोजून तेवढ्या लांबीची मी कागदाची एक पट्टी कापली. झूम न करता, माझ्या मॉनिटरवर ती साडेसहा सेंटीमीटर भरली. मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवली. तुमचा मॉनिटर आणि कॅमेऱ्याचं सेटिंग वेगळं असेल तर लांबी वेगळी येईल, पण एकदा कुणाला तरी समोरून उडवायला लावून पट्टी काढाच. विमान पूर्ण आडवं असेल तर पूर्ण पट्टी. तुमच्याकडे येता येता तिरकं, साधारण ३० अंशांत जात असेल तर अर्धी. सरळ अंगावर येत असेल तर पट्टी नाहीच, फक्त नाकाच्या जराशी वर, गोळी खाली पडते तेवढी.

यातूनच कळेल की झूम का करायचं नाही. साइटमध्ये डोळा घातला की विमान मोठं दिसतं, छान वाटतं, पण १२ अंश पुढची जागा चौकटीच्या बाहेर जाते. मग आपण नकळत लीड कमी करतो, कारण विमान नजरेआड होऊ द्यायचं नसतं. जमिनीवरच्या गाड्या मारताना खुशाल झूम करा.

आता बाकीचं, जसं आठवेल तसं.

दीड किलोमीटरच्या पलीकडे मारू नका. लागत तर नाहीच, वर ट्रेसरची ती लांबलचक रेघ वैमानिकाला तुमचा पत्ता सांगते. अनुभवी वैमानिक मग आधी तुमच्याकडेच वळतो, आणि उघड्या बुरुजात वरून मशीनगनच्या चार गोळ्या आल्या तरी क्रू संपतो. विर्बेलविंडच्या बुरुजाचं कवच १६ मिमीच आहे, आणि डोक्यावर तेही नाही. मी आता विमान किलोमीटरच्या आत येईपर्यंत बोट उचलूनच ठेवते. हे थांबणं नेमाइतकंच अवघड आहे, विशेषतः टीममधले ओरडत असतात तेव्हा. ओरडू द्या.

जागा निवडताना स्पॉनवर, म्हणजे गाडी मैदानात उतरते तिथे, उभं राहू नका, बॉम्ब तिथेच पडतात. आपल्या रणगाड्यांच्या मागे तीन-चारशे मीटर, एका बाजूला भिंत, वर मोकळं आकाश, अशी जागा बघा. डायव्ह करणारं विमान आपल्या रणगाड्यावर येतं तेव्हा त्याचा मार्ग ठरलेला असतो आणि बॉम्ब सोडेपर्यंत त्याला वळता येत नाही. त्याच तीन-चार सेकंदांत मारा. माझे बहुतेक किल तिथलेच आहेत.

फ्लाक-३८ ची मॅगझिन वीस गोळ्यांची. खऱ्या चौकडीत एका पेडलने तिरप्या समोरासमोरच्या दोन तोफा चालायच्या आणि दुसऱ्याने उरलेल्या दोन, म्हणजे दोन भरताना दोन चालू ठेवता यायच्या. गेममध्येही सतत बोट दाबून ठेवायचं नाही एवढं यातून घ्या. एक सेकंद मारा, थांबा, शेवटचे ट्रेसर पलीकडे पोहोचलेले बघा, मग दुरुस्ती करा. सतत मारत राहिलं तर कुठले ट्रेसर कुठल्या नेमाचे हे कळत नाही.

वैमानिकाने मारा करून पाठ दाखवली की लोक मारणं सोडून देतात. सोडू नका. पळणारं विमान जवळजवळ सरळ जात असतं, पट्टी अगदी थोडी लागते.

पुढे शिल्का आली. झेडएसयू-२३-४, २३ मिमीच्या चार तोफा आणि रडार. लॉक केलं, म्हणजे रडारने विमान धरलं, की स्क्रीनवर नेमाचं वर्तुळच मिळतं. सगळे म्हणतात, आता सोपं झालं. माझं मत वेगळं आहे. ते वर्तुळ विमान याच वेगाने सरळ जात राहील असं धरून काढलेलं असतं. वैमानिकाने स्टिक ओढली की ते खोटं ठरतं आणि पट्टीची सवय नसलेला माणूस मुकाट्याने त्या खोट्या वर्तुळावर मारत बसतो. विमान झाडांच्या शेंड्यांवरून येत असेल तर जमिनीच्या पसाऱ्यात लॉकही सुटतो. गेपार्ड या जर्मन विमानविरोधी रणगाड्यावर शोधाचं रडार मागे आणि लॉकचं पुढे असं वेगवेगळं आहे, त्यामुळे एकाला धरून ठेवताना बाकीच्यांवरही नजर राहते. शिल्कावर दोन्ही कामांना एकच, म्हणून लॉक करून ठेवून गाफील राहू नका, मान फिरवत राहा.

सध्या झेडएसयू-५७-२ चालवतेय. रडार नाही, ५७ मिमीच्या दोन तोफा, गोळ्याचा वेग सेकंदाला १,००० मीटर आणि गोळा जड असल्याने तो वेग लवकर पडत नाही. मारा मात्र संथ, म्हणून पहिलेच दोन-चार गोळे नीट जायला हवेत. दादाला परत बसवलं. पी-४७ साठी पट्टी पावणेपाच सेंटीमीटर निघाली, ताशी ८०० किमीने जाणाऱ्या जेटसाठी साडेसात. दोन्ही मॉनिटरखाली चिकटवल्या आहेत, जुनीच्या शेजारी.