लाईट चालू, तरी गाडी म्हणतेय बल्ब गेला

उसाचा सीझन चालू झाला की आमच्याकडं रात्री गाडी चालवायची म्हणजे जीव मुठीत. गेवराई-बीड पट्ट्यात पुढं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चाललेला असतो, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, एकदम जवळ गेल्यावरच ऊस लोंबताना दिसतो. पाडळसिंगीच्या अलीकडं एकदा असा करकचून ब्रेक दाबला की शेजारी बसलेल्या अण्णांचा चष्माच खाली पडला, घरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्याच रात्री हेडलाईटसाठी एलईडी बल्बची जोडी ऑर्डर केली.

गाडी २००९ ची स्कोडा लॉरा, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातली, म्हणजे तशी मराठवाड्याचीच पोरगी. डिपरला, म्हणजे खाली पडणाऱ्या लाईटला, एच७ साईजचा तारवाला हॅलोजन बल्ब, ५५ वॅटचा. एलईडी बसवले, लाईट लागले, भिंत पांढरीशुभ्र झाली, मी खूश, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा बल्बचा सिम्बॉल. खाली उतरून बघितलं तर दोन्ही लाईट टकाटक चालू. वर आणखी एक गंमत, लाईट बंद करून नुसती चावी फिरवली की एलईडी बारीक लुकलुकायचे, भूत लागल्यासारखे.

जालना रोडला ज्याच्याकडं वायरिंगची कामं करतो त्या भावाकडं गेलतो. तो हसला अन् म्हणला, "गाडीला डोळे असतेत का दादा? ती करंट मोजायलीय." म्हणजे असं, की ५५ वॅटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, माझा एलईडी मीटर लावून बघितला तर दोनच ओढत होता (बॉक्सवर ११० वॅट छापलंय, हिशोब २५ च्या आसपास बसतो, आता काय बोलावं). एवढा कमी करंट दिसला की गाडी समजते बल्ब उडाला. आणि ते लुकलुकणं म्हणजे लाईट बंद असताना गाडी बल्ब शाबूत आहे का बघायला मधून मधून बारीकसा झटका पाठवते, तेवढ्यात हॅलोजनची तार तापत नाही म्हणून आपल्याला कधी कळत नाही, पण एलईडीला तेवढंही पुरतं.

मग मी शहाणपणा केला. ६ ओहमचे ५० वॅटवाले दोन रेझिस्टर आणले आणि बल्बला पॅरलल जोडून वायरलाच टेपनं गुंडाळले. वार्निंग गेली! पण चालू गाडीत एक रेझिस्टर ३० वॅटच्या वर नुसती उष्णता काढतो, विसाव्या मिनिटाला टेप वितळल्याचा वास. रेझिस्टर लावायचाच तर पत्र्याला स्क्रूनं कसून लावा, प्लॅस्टिक अन् वायरपासून लांब. आणि हिशोब बघा, एलईडीचे दोन अन् रेझिस्टरचे सव्वादोन, म्हणजे करंट परत हॅलोजनएवढाच. कसली आली बचत.

ते काढून कॅनबस डिकोडर टाकले, म्हणजे गाडीची वायर अन् बल्बच्या मधे जोडायच्या डब्या, त्यात ते बारीक झटके गिळणारा कपॅसिटर असतो म्हणून लुकलुकणं बंद झालं. उजवी बाजू गप्प बसली. डावी मात्र खड्डा आला की वार्निंग द्यायची. मला वाटलं डिकोडरच खराब, मग डावा सेट उजवीकडं अन् उजवा डावीकडं करून बघितला, तरी फॉल्ट डावीकडंच. म्हणजे बल्ब-डिकोडर निर्दोष, लोचा गाडीत. हेडलाईटच्या मागं अर्थच्या वायरचा नट ढिला, खाली गंज. पॉलिश पेपरनं घासला, कसला, विषय संपला. हे काम पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं, खर्च शून्य.

लॅपटॉप लावून ही तपासणीच बंद करता येते म्हणे. मी नाही केलं. उद्या रात्री खरंच बल्ब गेला तर सांगणार कोण?

आणि हो, बल्ब बसवताना चिप आडव्या ठेवा, घड्याळातल्या तीन अन् नऊच्या बाजूला. माझ्या पहिल्यांदा उभ्या बसल्या होत्या तर समोरचा प्रत्येक ट्रकवाला अपर मारून शिव्या घालत जायचा, त्याचं बरोबरच होतं. नीट बसवूनही उजेड हॅलोजनसारखा मापात पडत नाहीच, कारण हेडलाईटचा आरसा तारेसाठी बनवलेला, आणि आरटीओनं अडवलं तर आपल्याला बोलायला तोंड नाही, हेही लक्षात ठेवा.

आता डॅशबोर्ड शांत आहे. फक्त डिपर लावला की रेडिओ खरखरतो, एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा, म्हणजे ड्रायव्हरचा त्रास आहे तो, वायरीवर खरखर अडवणारी फेराईटची रिंग घालून थोडा कमी झालाय. परवा शहागडच्या पुलावर चांगला अंधार पडलेला असताना अण्णा म्हणले, "लाईट बंद कर जरा, बातम्या ऐकू दे."