ठाकूरदेवाचा डोंगर

आमच्या आश्रमशाळेच्या अंगणात आंब्याचं एक झाड होतं. कैऱ्या हाताला लागतील इतक्या खाली लोंबायच्या, पण माडिया आदिवासींची पोरं त्यांना हात लावायची नाहीत. गावात पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे नवं फळ आधी देवाला दिल्याशिवाय, कैरी तोडायची नाही. वसतिगृहातलं जेवण बेताचंच असे, सातवी-आठवीतली पोरं सदा भुकेली. तरीही खाली पडलेली कैरीसुद्धा ती तशीच राहू द्यायची. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात मी नऊ वर्षं शिकवलं. माडियांचा देव काय असतो, हे मला त्या झाडाखाली कळायला लागलं.

परवा जानेवारीत बऱ्याच वर्षांनी सुरजागडच्या ठाकूरदेवाच्या यात्रेला गेले. हेडरीच्या रस्त्यावर मोहाची झाडं ओळखू येत नव्हती, पानापानावर लोहखनिजाची लाल धूळ. ट्रकमागून ट्रक. पूर्वी इथे तासभर उभं राहिलं तरी एखादीच जीप दिसायची.

सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांचा हा देव. छत्तीसगडच्या बाजूनेही लोक पायी येतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईने पळसाच्या पानाचा दोना केला, त्यात मोहाची दारू ओतली, आधी चार थेंब जमिनीवर सांडले, मग तांदळाचे दाणे ठेवले. हे सगळं ती इतकं हळू करत होती की मीही श्वास धरून बसले. शेजारी डोंगराच्या पोटातून यंत्रांचा आवाज येत होता.

याच डोंगरावर ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. दोन्ही कायदे असताना ग्रामसभांची तक्रार आहे की आमची संमती घेतलीच नाही. २०२२ मध्ये खाण वाढवण्यासाठीची जनसुनावणी झाली ती गडचिरोलीला, इथून शंभर किलोमीटरहून लांब. ज्या बाईला पाड्यावरून एटापल्लीच्या बाजाराला यायलाच अर्धा दिवस लागतो, तिने तिथे जाऊन काय आणि कधी बोलायचं? मला याचा अजूनही संताप येतो.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातही खाण होणार होती, पण तिथे असं झालं नाही. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा. पूजास्थान खाणीपासून दहा किलोमीटरवर आहे, मग खाणीने देवाला काय धक्का लागणार, असा युक्तिवाद तिथे झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की हे ग्रामसभांनाच विचारा. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. नियमराजा, म्हणजे नियम घालून देणारा राजा. डोंगरातून कधी, किती घ्यायचं हे तो ठरवतो. मला तर आमच्या अंगणातलं ते आंब्याचं झाडच आठवलं.

आपल्याकडे एटापल्ली तालुक्यातल्याच तोडगट्टाला २०२३ च्या मार्चपासून लोक झोपड्या बांधून बसले. नव्या खाणी नकोत, हीच मुख्य मागणी. गावागावाने पाळ्या लावल्या, तांदूळ-सरपण घरून आणलं, अडीचशेहून जास्त दिवस काढले. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन मोडलं.

माझा तो विद्यार्थी आता खाणीतच कामाला आहे. त्याला मी दोष देणार नाही. बारावी होऊन चार वर्षं तो घरी बसला होता, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात मिळणारे पैसे पावसाळ्यापर्यंतही पुरत नाहीत. यात्रेसाठी त्याने रजा काढली होती. आई दोना मांडत होती तेव्हा तो चपला काढून मागे उभा होता. मी विचारलं, "बरं चाललंय ना?"

"मॅडम, पगार वेळेवर होतो," तो म्हणाला आणि थोडा थांबला. "पण देवाच्या पाठीवर काम करतो ना मी. मी खाणीत लागलो त्या दिवसापासून आई माझ्या पगारातला तांदूळ देवाला ठेवत नाही. घरच्या शेतातला ठेवते."

दोन्यातले दाणे मी पुन्हा पाहिले. लालसर, हातसडीचे होते.