तिसरी परी

आमच्या धंद्यात एक मूळ गोची आहे. पुठ्ठ्याला पाऊस चालत नाही आणि गणपती नेमके पावसात येतात. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून ठाण्यात उथळसरच्या आमच्या गाळ्यात पुठ्ठ्याची घडीची मखरं होतात. आषाढ लागला की मी, मदतीला असलेला पोरगा आणि एक जुनी इस्त्री असे तिघं मिळून दमट हवेशी भांडत बसतो. या दिवसांत बाहेरचं काम घ्यायचं नाही, असा माझा नियम आहे. मागच्या जुलैत तो मोडला.

त्यात विद्यार्थ्यांचं काम तर मी केव्हाच बंद केलं होतं. एके काळी शाळेचे प्रोजेक्ट खूप करून दिले. रात्री साडेदहाला फोन यायचा, "ताई, सकाळी सातची बस आहे, सूर्यमाला मिळेल का? आणि जरा मुलाने केल्यासारखी वाटू दे." हे शेवटचं वाक्य हमखास असायचं. मग मी गुरूवरचे पट्टे मुद्दाम वाकडे रंगवायचे, शनीची कडी जरा कलती चिकटवायची, फेविकॉलचा एक ओघळ तसाच ठेवायचा. इतकं सफाईदार वाकडं काम ठाण्यात दुसरं कोणी करत नसेल. पैसेही मिळायचे. पण बक्षीस घेतलेल्या पोराचा फोटो त्याच्या आईने हौसेने पाठवला की पोटात कसंतरी व्हायचं. आईबापांना त्याचं काही वाटत नव्हतं, शिक्षकांना सगळं दिसत होतं आणि तरी ते मार्क देत होते. सोडून दिलं.

म्हणून ही मुलगी दारात आली तेव्हा मी आतूनच सांगितलं, "प्रोजेक्ट करत नाही आम्ही."

"करून नकोय, काकू. बसायला जागा हवीय."

नवी मुंबईतल्या एका कॉलेजात फोटोग्राफी शिकत होती, शेवटचं वर्ष. राहायची कळव्याला, वन रूम किचनमध्ये पाच माणसं. तिथे कागद पसरला की कोणाचा तरी पाय पडायचा. तिने मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला. ओढ्याकाठी एक लहान मुलगी, डोक्यात फुलं, हनुवटी हातावर टेकवलेली आणि तिच्यासमोर चार पऱ्या नाचताहेत.

फोटो 1917 चा, इंग्लंडातल्या कॉटिंग्ली गावातला. एल्सी 16 वर्षांची, तिची मावसबहीण फ्रान्सिस 9 वर्षांची. एल्सीने एका पुस्तकातली चित्रं बघून कागदावर पऱ्या काढल्या, कापल्या, टोपीला लावायच्या लांब पिनांवर गवतात उभ्या केल्या आणि बापाच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. गंमत तिथेच संपायची. पण फोटो फिरत फिरत आर्थर कॉनन डॉयलपर्यंत गेले आणि शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या त्या माणसाने 1920 च्या डिसेंबरात मासिकात छापून जाहीर केलं की पऱ्या खऱ्या आहेत. आता एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? दोघी गप्प बसल्या. कबूल केलं ते 1983 ला, म्हाताऱ्या झाल्यावर.

पोरीला हा फोटो पुन्हा उभा करायचा होता. जुलैत, आपल्याकडच्या ओढ्यावर, आपल्याकडची मुलगी बसवून, आणि पऱ्या स्वतः कापून. वर्गातल्या बाकीच्यांनी आपापले विषय एआयवर उरकले होते. गाइड मॅडमनी हिलाही तेच सुचवलं, "चार पऱ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?" शिकवणाऱ्या माणसाने खटाटोप कशाला म्हणावं, हे माझ्या डोक्यात काही बसत नाही. मी तिला कोपऱ्यातलं टेबल दिलं.

आता माझी खोड सांगते. कोणी परी म्हटलं की माझे हात आपोआप पंखाकडे जातात. आमचे हे होते तेव्हा आम्ही गडकरी रंगायतनला येणाऱ्या बालनाट्यांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, करायचो. त्या काळापासूनचं हे वेड. तिने न मागता मी दोन रात्री बसून एक नमुन्याचा पंख केला. 2 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, ही हाताने वळते आणि वळवली तशीच राहते. तिचा सांगाडा करायचा. त्याच्या दोन्ही बाजूंनी जांभळी नाक्यावर गुच्छवाले वापरतात तो सप्तरंगी झाक मारणारा सेलोफेन. खाली-वर बटर पेपर आणि मंद इस्त्री. इस्त्री दाबून फिरवायची नाही, नुसती टेकवून उचलायची. दोन सेकंद जास्त झाले तर कागद आक्रसतो आणि सगळं मुसळ केरात. नेमकं जमलं तर मात्र सेलोफेन तारेला धरून बसतो आणि चतुराच्या पंखावर असतात तशा बारीक सुरकुत्या आपसूक येतात. तो पंख खिडकीत धरला तर भिंतीवर हिरवा-जांभळा उजेड पडत होता. मदतीचा पोरगा म्हणाला, "मावशी, हा विकायचा नाही."

मुलीने हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "खूपच भारी आहे, काकू. पण हा खरा वाटतोय."

म्हणजे काय, तेच तर आमचं काम! तिने समजावलं. त्या फोटोतल्या पऱ्या साफ कागदाच्या दिसतात. मागे धबधब्याचं पाणी हलून दुधासारखं झालंय आणि पुढे नाचणाऱ्या पऱ्या मात्र सुरीसारख्या स्पष्ट. ज्याला बघायचं त्याला तेव्हाही दिसत होतं. तरी लोकांनी मानलं. तिला नेमकं तेच दाखवायचं होतं. त्यामुळे कागद हा कागदच दिसायला हवा होता.

ठीक आहे. पंख खिडकीत टांगला तो अजून तिथेच आहे.

मग तिचं काम सुरू झालं. तिला कापणं येत नव्हतं, अजिबात नाही. सर्जिकल ब्लेड 11 नंबरचं दिलं तर धरायचं कसं तेच कळायचं नाही. वळणावर ब्लेड फिरवायचं नसतं, ब्लेड जागेवर ठेवून कागद फिरवायचा असतो, हे तिला चार दिवसांनी जमलं. कार्डशीटला उभी-आडवी वीण असते, परी विणीच्या दिशेने उभी काढली तर ताठ राहते आणि आडवी काढली तर कमरेत मोडते, हे तिने दोन पऱ्या मोडून शिकून घेतलं. रंग एकाच बाजूने दिला की कागद वाटीसारखा वळतो, म्हणून मागूनही पाण्याचा नाहीतर पातळ फेविकॉलचा हात द्यावा लागतो, हे मात्र मी सांगितलं. नाहीतर तिचा जीव गेला असता.

उभं करायच्या पिनांचा प्रश्न होता. टोपीच्या पिना ठाण्यात कुठून आणणार? स्कार्फच्या पिना आखूड पडल्या, दाभण जाड. शेवटी फुलबाजारात हार ओवायची लांब सुई मिळाली, बारीक आणि ताठ. ती चिखलात रोवली की कलते, म्हणून मी युक्ती काढली. प्रत्येक सुईखाली अर्धा बटाटा, कापलेली बाजू जमिनीकडे आणि वरून गवत. बटाट्यात सुई हव्या त्या कोनात बसते, वाऱ्याने हलत नाही. या बटाट्यांचा मला खिडकीतल्या पंखाइतकाच अभिमान आहे.

चार पऱ्या झाल्या. पहिली बरी, दुसरी चांगली, चौथी तर झकास. तिसरी मात्र हुकली होती. उजवा हात लाटण्यासारखा एकसारखा जाड, मनगट नाहीच. एका पंखाची कड दातांनी कुरतडल्यासारखी. तोंडही जरा भांडकुदळ. मी दोनदा आडून म्हटलं, "अजून एक कापून बघतेस का?" ती म्हणाली, "नको, ही तिसऱ्याच दिवशीची आहे, राहू दे."

शूटच्या आदल्या रात्री पावसाने कहर केला. चौघी माझ्याकडेच होत्या. दमटपणाने मऊ पडलेल्या कागदावर इस्त्री फिरवून वरून लॅकरचा एक हात मारायचा, एवढंच माझ्याकडे काम होतं. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी हातात घेतली आणि इस्त्री बाजूला ठेवली.

स्वतःशी म्हटलं, फक्त मनगट काढू. मनगटापाशी ब्लेड जरासं टेकवलं तर दंड जाड दिसायला लागला. दंड कापायला गेले असते तर खांद्याचा रंग गेला असता. मग थांबले, नवीन कार्डशीट घेतली, तिची परी खाली ठेवून गिरवली आणि सगळं पुन्हा कापलं. बोटं सुटी केली, पंखाची कड एका दमात ओढली. चेहराही रंगवला, जरा हसरा. रात्रीचा दीड वाजला होता. खरं सांगायचं तर त्या पूर्ण महिन्यात इतकं सुखाचं काम मी केलं नव्हतं.

सकाळी ती आली, फाइल उघडली. पहिली, दुसरी, मग थांबली.

"माझी कुठाय, काकू?"

"अगं, रात्री पाणी आलं छपरातून. भिजली, फाटलीच. टाकून दिली. म्हणून तशीच दुसरी केली."

हे वाक्य मी विचार करून बोलले नाही, आपोआप आलं. छपर गळत नाही आमचं. ती "बरं" म्हणाली आणि फाइल बंद केली.

शूट येऊरच्या पायथ्याला होतं, एका ओळखीच्यांच्या वाडीत. मागून ओहोळ जातो. बसायला मैत्रिणीची चुलतबहीण, चौथीतली, हनुवटीवर हात ठेवून पंधरा मिनिटांत कंटाळली. डास फोडून काढत होते, वडापाव कबूल करावा लागला. वाडीतल्या आजी काठी टेकत आल्या, गवतात उभ्या पऱ्या बघून म्हणाल्या, "आसरा मांडल्यात का?" पाण्यापाशी साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात, हे माझी आजीही सांगायची. तिन्हीसांजेला ओढ्यावर जाऊ द्यायची नाही. आजींनी आधी काठावरच्या एका दगडाला हळदकुंकू लावलं, मगच कॅमेऱ्याला परवानगी दिली. मुलीने कॅमेरा तिवईवर लावून शटर संथ ठेवलं, पाणी दूध झालं, पऱ्या सुरीसारख्या. बटाटे हलले नाहीत. माझी तिसरी चौघींत उठून दिसत होती आणि मला ते आवडत होतं. मग पाऊस आला. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, काकू, मी दोनचार फ्रेम अजून घेते." मी रिक्षाने गाळ्यावर परत आले, मखरं थांबली होती.

गणपती झाले, दिवाळी झाली. मग कॉलेजातल्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. मी आणि मदतीचा पोरगा ट्रेनने गेलो, तो नवा शर्ट घालून. भिंतीवर तिचा फोटो मोठा करून लावलेला. दुधासारखं पाणी, चौथीतली पोरगी डोक्यात मोगरा घालून आणि तिच्यासमोर पऱ्या.

तीन.

मी दोनदा मोजल्या. पहिली, दुसरी, मग मोकळी जागा, मग चौथी. मोकळ्या जागेत गवतातून हाराची सुई सरळ वर उभी होती, टोकावर पावसाचा थेंब. बटाट्याने धरून ठेवलेली.

बाहेरून आलेले एक परीक्षक चष्मा वर करून जवळ गेले. "इथे काय होतं?"

"होती एक," ती म्हणाली. पुढचा प्रश्न कॅमेऱ्याबद्दल होता.

मला तिने वाकून नमस्कार केला, वडापाव आणून दिला, मॅडमना सांगितलं की "यांच्या गाळ्यात मी कापायला शिकले." फोटोखालच्या पट्टीवर आभारात उथळसरच्या काकू असा उल्लेखही होता. माझी परी का काढली, मी विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही. कदाचित फ्रेम म्हणून तिला तीनच बऱ्या वाटल्या असतील. कदाचित त्या सकाळी फाइल उघडतानाच तिला सगळं कळलं असेल. बोटं सुटी कापणारी बाई ठाण्यात एकच आहे, हे तिला माहीत होतं.

ट्रेनमध्ये पोरगा म्हणाला, "मावशी, तुमचीच सगळ्यात चांगली होती. का नाही घेतली?" मी त्याला गप्प बस म्हटलं.

वाकडं करून द्यायचे पैसे घेतलेली बाई मी. आणि एका पोरीने आपल्या हाताने केलेलं खरंखुरं वाकडं काम मला एक रात्र बघवलं नाही. भिजली म्हणून मी सांगितलेली तिची परी कात्रीच्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या बिलांच्या खाली, कोरडी ठणठणीत. मनगट कोरायला गेले होते तिथे ब्लेडची बारीकशी खूण आहे, बाकी जशीच्या तशी. पाठीला सुईची चिकटपट्टी नाही, कारण ती कधी उभीच राहिली नाही. अधूनमधून मुलीचा मेसेज येतो, नोकरी शोधतेय, एखाद्या रविवारी चक्कर मारते म्हणते. मी "ये" म्हणते, आणि त्या रविवारी ड्रॉवरला कुलूप लावून ठेवते. त्या दोघींना 66 वर्षं लागली. मला आत्ता आठ महिने झालेत.