डावीकडे कलतो

रविवार, रात्री पावणेबारा. मृग लागून आठवडा झाला, पण आभाळात ढगाचा पत्ता नाही. कूलर नुसता दमट वारा फेकून राहिला आहे.

झोप येत नाही त्याचं कारण उकाडा नाही. कारण लिहायला लाज वाटते. कारण यो-यो आहे.

संध्याकाळी गच्चीवर छोटूच्या हातात नवा यो-यो दिला. त्यानं फेकला आणि तो दोरीच्या टोकाला सरळ फिरत राहिला, ओळंब्यासारखा. मग मी फेकला. डावीकडे कलला. परत फेकला, परत कलला. छोटू बघत होता. म्हणाला, "बाबा, तुमच्याच्यानं हा वाकडा काऊन होऊन राहिला? माझ्याच्यानं तर नाही होत."

बस, एवढंच झालं. त्यानंतर जेवणात मीठ नव्हतं की होतं तेही आठवत नाही.

एकेचाळीस वर्षांच्या माणसानं यासाठी जागायचं का? दादा असते तर म्हणाले असते, खेळणं आहे ते. पण ते खेळणं नऊ वर्षं माझ्या खिशात आहे. २०१६ ला घेतलेला निळा. ॲल्युमिनियमचा, ५६ मिमी व्यास, ४२ रुंदी, ६६ ग्रॅम. निळा म्हणायचं सवयीनं, कडेचा ॲनोडायझिंगचा रंग केव्हाच उडून चांदी दिसते. एक खड्डा गच्चीच्या कठड्याचा, दुसरा नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पायरीवरचा, तिसरा कुठला ते हिला माहीत आहे आणि ती सांगत नाही. २०१७ ला बर्डीच्या बाजारात जिकडेतिकडे फिजेट स्पिनर विकायला आले तेव्हा मी चार घेतले होते. पोरांना वाटायला नाही, फोडायला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मधोमध आर-१८८ बेअरिंग असायचं: पाव इंच आत, अर्धा इंच बाहेर. यो-योत तेच माप बसतं. अजूनही निळ्यात त्यातलंच एक आहे, आणि आवाज करतं, पण फिरतं.

आता त्याच निळ्याची सुधारित आवृत्ती आली. नाव तेच, पुढे फक्त एक आकडा लागला. रुंदी ४४, कडेला स्टेनलेस स्टीलची कडी बसवलेली, बाकी अंग ॲल्युमिनियमचं. मागवली. किती पडली ते लिहीत नाही, कारण ही हे वाचते.

शनिवारी कारखान्यात डबा खाऊन झाल्यावर दोन्ही यो-यो इन्स्पेक्शनच्या टेबलावर घेतले आणि डगमग मोजायचा डायल लावला. (साहेब जेवायला गेले होते.) निळ्यावर काटा चार घरं हलला. नव्यावर हललाच नाही म्हणावं इतका. मी दिवसभर लोकांच्या पार्टवर हो-नाहीचे शिक्के मारतो, त्यामुळे काही क्षण अभिमानच वाटला, जणू मीच तो लेथवर टर्न केला होता. मग निळा उचलून खिशात टाकला आणि उगाचच वाईट वाटलं.

आमच्याकडे ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली की कोपऱ्यात एक चौकट असते. काय बदललं, कोणी बदललं, का बदललं. जुन्या ड्रॉइंगवर लाल शिक्का बसतो आणि ते मशीनजवळ दिसलं तर मेमो. नव्या यो-योच्या डब्यात तशी चौकट नव्हती. निळ्यात काय चुकलं होतं? मला तर काही चुकलेलं दिसलं नव्हतं. हाच प्रश्न मी काल दुपारपासून चघळतो आहे.

कारण इतर यो-यो बनवणाऱ्यांची कारणं माहीत असतात. टॉम कून हा सॅन फ्रान्सिस्कोचा दातांचा डॉक्टर. दात कोरणाऱ्या माणसानं लाकडाचा, सुटा करता येणारा यो-यो काढला, आणि १९९० च्या सुमारास ॲल्युमिनियमचा, बेअरिंगवाला एसबी-२. दाताच्या डॉक्टरचं आणि आमचं काम एकच, बारीक माप. त्यात नवल नाही. नवल हे की त्याच माणसानं ११६ किलोचा लाकडी यो-योही केला होता, क्रेननं सोडायचा. म्हणजे बारीक काम करून करून कंटाळा येतोच कोणालाही.

ओरेगॉनमधल्या वन ड्रॉप या यो-यो कंपनीवाल्यांचं स्वतःचं मशीन शॉप आहे. त्यांनी तर अक्षाच्या दोन टोकांचे तुकडेच बदलता येतील असे केले, 'साइड इफेक्ट्स' नावाचे. जड लावा, हलका लावा, यो-यो तोच, स्वभाव दुसरा. रिव्हिजनची भानगडच नाही. हे डोकं शॉप फ्लोअरवरच्या माणसाचं आहे, हे मी पैजेवर सांगतो.

शटर नावाच्या यो-योची गोष्ट तर छोटूला पाठ आहे. कॅलिफोर्नियातल्या चिकोचा गेंट्री स्टाइन, त्याच्या नावाचा यो-यो, आणि २०१४ ला प्रागमध्ये त्यानं जागतिक यो-यो स्पर्धा जिंकली. पुढे त्याचाच रुंद भाऊ निघाला, वाइड अँगल शटर. कॅमेऱ्याची गंमत. तिथे निदान नावातच कारण सांगून टाकलंय: रुंद केला, बस.

आणि द्राउपनीर. जपानच्या यो-यो रिक्रिएशन कंपनीचा, तोही ॲल्युमिनियमला स्टीलची कडी. नाव ओडिन देवाच्या अंगठीचं: दर नवव्या रात्री तिच्यातून तशाच आठ अंगठ्या गळून पडतात म्हणे. अक्षयपात्राची सोन्याची बहीण. कडीवाल्या यो-योला अंगठीचं नाव देणारा माणूस मला भेटायला आवडेल.

कडीचं कारण मला समजतं, ते काही गूढ नाही. आजोळी कडबाकुट्टी होती. तिचं लोखंडी चाक, सगळं वजन घेरात. फिरवायला जड, पण एकदा फिरलं की हात काढून घ्यायचा, ते कोणाचं ऐकत नाही. यो-योचंही तसंच. वजन मधून उचलून कडेला नेलं की तो जास्त वेळ फिरतो आणि आपली पातळी सोडत नाही. म्हणून सगळे म्हणतात, स्थिर आहे, स्थिर आहे.

इथवर लिहिल्यावर मला कळलं. कळलं म्हणजे डोक्यावर मारल्यासारखं.

स्थिर यो-यो पातळी सोडत नाही, म्हणजे *कोणतीही* पातळी सोडत नाही. सरळ फेकला तर सरळ. वाकडा फेकला तर वाकडा, आणि मग बोटानं दोरी इकडून तिकडे करून त्याला सरळ आणायला घाम निघतो. निळा तसा नव्हता. त्याची कड हलकी. कललाच तर दोरीच्या एका हलक्या धक्क्यानं सरळ व्हायचा. तो धक्का मी नऊ वर्षं देत आलो, न कळत, प्रत्येक फेकीला. निळ्यात काही चुकलेलं नव्हतं. माझं मनगट वाकडं आहे, आणि निळा ते झाकून घेत होता.

छोटूनं निळ्यावर कधी शिकलंच नाही. त्याला झाकून घेणारं कोणी मिळालं नाही, म्हणून तो सरळ फेकतो.

मग थोडा वेळ मला माझीच कीव आली, खोटं कशाला बोलू. अजून काय काय वाकडं असेल आणि कोण कोण हळूच धक्का देत असेल? दादांनी साइटवर माझी मापं परत घेतलेली मी एकदा पाहिली होती. २०१९ ला पुण्याचं आलं होतं तेव्हाही... जाऊ दे.

१९८५ ला डिस्कव्हरी यानातून यो-यो वर नेला होता, खेळणी भारहीन अवस्थेत कशी वागतात ते बघायला. तिथे तो दोरीच्या टोकाला झोपतच नाही, म्हणजे जागच्या जागी फिरत राहत नाही, लगेच परत येतो. खाली ओढणारं काही नाही ना. हे मला फार वर्षांपासून माहीत आहे आणि आज पहिल्यांदा आवडलं नाही.

साडेबाराला ही पाणी प्यायला उठली. "अजून जागेच?" मी म्हटलं, माझा हात डावीकडे वळतो. ती म्हणाली, "हो. गाडीही डावीकडेच ओढता. मागे बसून मी उजवीकडे झुकते."

"केव्हापासून?"

"लग्नापासून."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगून ऐकून राहिले असते का तुम्ही?" आणि बाटली घेऊन आत गेली. जाताना म्हणाली, "पहाटे पाच वाजता नळ येतो. मोटर लावायची आठवण ठेवा."

मला हसू आलं. म्हणजे स्कूटरची अलाइनमेंट दोनदा करून घेतली ते पैसे गेले. मेकॅनिक बिचारा म्हणत होता, साहेब, गाडीत काही नाही. मीच त्याच्यावर डाफरलो होतो. उद्या त्याच्याकडे जाऊन काय सांगणार? जाणारच नाही. दुसऱ्या रस्त्यानं जाईन.

आत्ता गच्चीवर जाऊन आलो. नवा घेतला, निळा मुद्दाम खालीच ठेवला. दिवा लावला, भिंतीवर दोरीची सावली पडते, तिच्यावरून कल दिसतो. वीस फेकी मोजल्या, जशी एखादी बॅच तपासावी. तीन सरळ. सतरा डावीकडे. त्या सतरांमधल्या एकीनं शेजाऱ्यांच्या टाकीला ठोका दिला, त्यांच्याकडचा कुत्रा उठला.

रिजेक्शन पंच्याऐंशी टक्के. एवढ्यावर आमच्याकडे मशीन बंद करतात आणि सेटरला, म्हणजे मशीन नीट लावून देणाऱ्याला, बोलावतात. सेटर खाली कूलरसमोर पालथा झोपला आहे. विदर्भातल्या शाळा अजून उघडायच्या आहेत, वेळ आहे त्याला. पण आत्ता उठवलं तर त्याची आई दोघांनाही बोलेल.